आधी मासा दिसला पाहिजे

खाडीच्या काठावर, पवईच्या तलावावर किंवा गावच्या बंधाऱ्यावर गरवायला बसणाऱ्यांची रीत ठरलेली असते. गळाला गांडूळ, कोळंबी नाहीतर कणकेची गोळी लावायची, दोर पाण्यात सोडायचा आणि वाट बघायची. खाली काय चाललंय ते कळत नाही. कळतं ते दोराला हिसका बसल्यावर. या पुस्तकातल्या मासेमारीचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. इथे बसायचं नाही, चालायचं. नितळ वाहत्या पाण्यात एकच एक ट्राउट हेरायचा, तो कुठल्या थरात खातोय, काय खातोय याचा अंदाज बांधायचा आणि मगच काठी उचलायची. मासा दिसला नाही तर गळ टाकायचा नाही. सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे.

नियम साधा वाटतो, पण त्यावरून इंग्लंडमध्ये चांगली पन्नास वर्षं वाद झाले, क्लबांमध्ये तट पडले आणि कपाटं भरतील इतकी पुस्तकं लिहिली गेली. त्या वादांकडे परंपरेची किंवा प्रतिष्ठेची भांडणं म्हणून पाहता येतं आणि तशी ती काही अंशी होतीही. पण जरा खोलात गेलं तर त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो. माणसाला पाण्यातलं किती दिसतं आणि जेवढं दिसतं त्याच्या भरवशावर त्याने काय करावं? या खेळातला प्रत्येक मोठा टप्पा हा पाहण्यातला टप्पा आहे, हे या पुस्तकाचं सूत्र आहे.

पहिल्यांदाच इकडे वळलेल्या वाचकासाठी थोडी पूर्वतयारी करून घेऊ. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, म्हणून महाराष्ट्रातल्या नद्यांत तो नाही आणि असणारही नाही. नदीत तो प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला किंवा काठाखाली जागा धरून राहतो आणि प्रवाह जे वाहून आणेल ते टिपतो. वाहून येतात ते मुख्यतः किडे. त्यांतला या खेळाचा नायक म्हणजे मेफ्लाय. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली, तळाच्या दगडांत आणि शेवाळात जातं. या अवस्थेला निंफ म्हणतात. दिवस भरले की निंफ वर पोहत येतो, पृष्ठभागावर कात टाकतो आणि धुरकट पंखांचा किडा होऊन उडतो. मग पुन्हा एकदा कात टाकून तो काचेसारख्या पंखांचा होतो. उडते पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा कीटकांचा हा एकच गट. मीलन होतं, मादी पाण्यावर अंडी घालते आणि थकलेले किडे पंख पसरून पाण्यावर पडतात. पंख फुटल्यानंतरचं हे सगळं आयुष्य अनेक जातींत एक-दोन दिवसांचंच असतं.

ट्राउट या प्रत्येक टप्प्यावर टपलेला असतो. गळाभोवती कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं गुंडाळून पाण्यावर तरंगणारा किडा बनवला की झाली ड्राय फ्लाय. पृष्ठभागाखाली वाहणाऱ्या पिल्लाची नक्कल केली की झाला निंफ. या नकली माशीला वजन जवळपास नसतंच. त्यामुळे फेकला जातो तो जाड दोर आणि माशी त्याच्या मागे, बारीक पारदर्शक तंतूच्या टोकाला जाते. ती पाण्यावर पडली की प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. दोराने तिला कणभर जरी ओढलं तरी खरा किडा असा तिरका घसरत नाही हे ट्राउटला कळतं आणि तो तोंड फिरवतो. या ‘ओढी’शी झुंजण्यातच निम्मं कौशल्य खर्ची पडतं.

उरलेलं निम्मं डोळ्यांचं. पाण्यात राहणाऱ्या माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचं सगळं काही सुमारे ९७ अंशांच्या शंकूत कोंबलं जातं. मासा अर्धा मीटर खोल असेल तर ही खिडकी मीटरभराहून जराशीच रुंद असते. खिडकीबाहेर पृष्ठभागाचा आरसा होतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब पडतं. तरंगत येणाऱ्या किड्याचे आधी पायच दिसतात, तेही आरशावर उमटलेले प्रकाशाचे ठिपके म्हणून. मग खिडकीच्या कडेशी पंखांची टोकं डोकावतात आणि शेवटी अख्खा किडा. काठावरचा माणूसही याच कडेत चेपलेला दिसतो. म्हणून वाकून चालायचं, झाडाचा आडोसा घ्यायचा आणि माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने जवळ जायचं. या गोष्टी शिष्टाचाराच्या नाहीत, भौतिकशास्त्राच्या आहेत.

माणसाची अडचण वेगळी. त्याला पाण्याऐवजी पाण्यावरची चकाकी दिसते. ही परावर्तित चकाकी बरीचशी आडव्या दिशेने ध्रुवित झालेली असते आणि ध्रुवण करणारी काच ती गाळून टाकते. एडविन लँडने १९३७ साली पोलरॉइड कंपनी काढली आणि असे चष्मे सर्रास मिळू लागले. त्याआधीच्या पिढ्यांचे नियम वाचताना त्यांच्या डोळ्यांवर हा चष्मा नव्हता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

नकली माशीचा इतिहास तसा फार जुना. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर होऊन गेलेला रोमन लेखक ईलियन मॅसिडोनियातल्या नदीवरच्या कोळ्यांचं वर्णन करतो. ते गळाला लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याची पिसं बांधत. इंग्रजीत १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या ग्रंथात बारा माश्यांची कृती आहे. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ चं, आणि त्याला १६७६ मध्ये माश्यांवरचा भाग जोडला चार्ल्स कॉटनने. पण या सगळ्या माश्या बुडणाऱ्या आणि बहुतेक वेळा अंदाजाने टाकलेल्या. पाहण्याचं शास्त्र सुरू होतं आल्फ्रेड रोनाल्ड्सपासून. त्याच्या १८३६ च्या पुस्तकात प्रत्येक नकली माशीशेजारी तिच्या खऱ्या किड्याचं चित्र आणि नाव आहे, शिवाय माशाला काय दिसतं याचाही विचार आहे. मग १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टने प्रवाहाच्या वरच्या दिशेला माशी टाकण्याचा जोरदार पुरस्कार केला. मासा जिकडे पाहतोय त्याच्या मागून गेलं पाहिजे, एवढं आता पक्कं झालं.

पुढचं नाट्य घडलं दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या प्रदेशात. हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या पावसाच्या लोंढ्यावर नाही, जमिनीखालच्या खडूच्या थरांत मुरून झऱ्यांनी वर येणाऱ्या पाण्यावर चालतात. पाणी वर्षभर नितळ, जवळपास एकाच तापमानाचं आणि किड्यांनी भरलेलं. अशा नद्या जगात मोजक्याच आणि त्यांतल्या बहुतांश इंग्लंडमध्येच. इथे मासा दिसतो, म्हणून ‘दिसला तरच टाकायचा’ हा नियम इथे जन्मला यात नवल नाही. फ्रेडरिक हॅलफर्ड आणि जॉर्ज सेल्विन मॅरियट यांची १८७९ मध्ये विंचेस्टरमध्ये गाठ पडली, आणि त्यातून १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवरचं, १८८९ मध्ये ड्राय फ्लायच्या सिद्धांतावरचं अशी हॅलफर्डची दोन पुस्तकं आली. या क्रांतीला लागणारं एक छोटं अवजार, तंतू ओवण्यासाठी टोकाला डोळा असलेला बारीक गळ, घडवण्यात एच. एस. हॉल यांचा मोठा हात होता. क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवणारे हेच ते हॉल, ज्यांच्या ‘हॉल अँड नाइट’च्या बीजगणिताने आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना घाम फोडला.

हॅलफर्डचं म्हणणं ताठ होतं. मासा वर येऊन तरंगता किडा खाताना दिसला पाहिजे, तो किडा कोणता हे ओळखता आलं पाहिजे आणि त्याचीच हुबेहूब माशी त्याच्यापुढे टाकली पाहिजे. पुराव्याशिवाय गळ टाकायचा नाही, आणि पुरावा म्हणजे पृष्ठभागावर उमटलेलं वर्तुळ. त्याच्या अनुयायांनी याचं कर्मकांड केलं. नदीच्या काही पट्ट्यांवर ड्राय फ्लायखेरीज दुसरं काही चालेना.

जी. ई. एम. स्क्यूज लंडनचा वकील. तो १८८३ पासून विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टनला इचेनवर मासे धरत असे. वकिलाच्या चिकाटीने त्याने पुरावा पुन्हा तपासायला घेतला. धरलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज तो हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने बाहेर काढायचा आणि पाण्याच्या पांढऱ्या बशीत पसरून बघायचा. वर वर्तुळं उमटवणाऱ्या माशाच्या पोटातही पंख न फुटलेले निंफच जास्त निघत. म्हणजे वर्तुळ दिसलं तरी मासा तरंगता किडा खात नव्हता, पृष्ठभागाला टेकलेला निंफ खात होता. मग निंफची नक्कल टाकण्यात अधर्म कसला? ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे त्याचं पुस्तक १९१० चं. त्याने हॅलफर्डचा नियम मोडला नाही. दिसणाऱ्या माशाला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, एकच माशी टाकायची ही शिस्त त्याने कायम ठेवली. फक्त पुराव्याची व्याख्या त्याने रुंदावली. तरीही १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निंफवर रीतसर चर्चा झाली तेव्हा ऐंशीला टेकलेल्या या माणसाला आपली बाजू मांडत बसावं लागलं.

तिसरा माणूस मात्र क्लबातला नव्हता. फ्रँक सॉयर विल्टशायरमधल्या एव्हन नदीवर, नेदरएव्हनला नदीचा राखणदार होता. नदी साफ ठेवणं, काठ सांभाळणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे पाण्यात वाकून बघण्याची संधी कोणाही सभासदापेक्षा त्यालाच जास्त. पोहताना मेफ्लायचा निंफ पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो, हे त्याने पाहिलं आणि आपल्या निंफचे पाय काढूनच टाकले. त्याचा निंफ इतका साधा की कृती दोन ओळींत सांगता येते. बांधायला दोरा नाहीच. केसासारखी बारीक तांब्याची तार. तीच आधी गळावर गुंडाळून छातीपाशी फुगवटा द्यायचा आणि मग तिच्यासोबत फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तीन-चार तांबूस तंतू पिळत न्यायचे. तारेने वजन आलं, रंगही आला. हा निंफ आज ट्राउट असलेल्या जवळजवळ प्रत्येक देशात वापरला जातो.

सॉयरची टाकण्याची रीतही जवळून पाहण्यासारखी आहे. गुडघाभर पाण्यात पिवळट खडीवर एक ट्राउट थांबलाय असं धरा. नवख्याला तो दिसत नाही. दिसते ती तळावरची सावली, मग एका लयीत हलणारी शेपटी आणि शेवटी पाठीवरचे ठिपके. मासा मधूनच एखादा वीतभर बाजूला सरकतो आणि क्षणभर तोंडाच्या आतली पांढरी कड चमकते. म्हणजे तो खातोय, आणि तळाजवळ खातोय. निंफ त्याच्यापासून दोन-तीन मीटर वर टाकायचा, म्हणजे तिथवर पोहोचेतो तो त्याच्या पातळीला बुडतो. मग जवळ येताच काठीचं टोक हळूच उचलायचं. निंफ वर उठतो, जणू पंख फुटायला निघालेला, आणि सावध मासाही न राहवून पुढे येतो. दोरावर काही जाणवायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पांढरी कड पुन्हा चमकली, मासा वळला, की काठी उचलायची. हातांआधी डोळ्यांनी मासा धरायचा तो असा.

इंग्लंडबाहेर याच्या वेगवेगळ्या शाळा झाल्या. अमेरिकेत थिओडोर गॉर्डनला हॅलफर्डने १८९० मध्ये आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. कॅट्सकिलच्या खळाळत्या नद्यांसाठी गॉर्डनने त्यांत बदल केले. खळाळत्या पाण्यात मासा दिसणं अवघड, त्यामुळे अमेरिकन ड्राय फ्लाय बरीचशी पाणी वाचून अंदाजाने टाकली गेली. याला अपवाद पेन्सिल्व्हेनियातली लेटॉर्ट ही झऱ्याची नदी. तिथे व्हिन्सेंट मॅरिनारोने १९५० च्या पुस्तकात काठावरून पाण्यात पडणाऱ्या मुंग्या-भुंग्यांना त्यांचं स्थान दिलं आणि पुढे माशाच्या खिडकीचे फोटोच काढले. इंग्लंडमध्ये जॉन गॉडर्ड आणि ब्रायन क्लार्क यांचं १९८० चं ‘द ट्राउट अँड द फ्लाय’ याच वाटेवरचं. फ्रान्समध्ये लू आणि डू या पूर्वेकडच्या नद्यांवर दिसणाऱ्या माशाला खूप लांब तंतूवर निंफ टाकणारी एक कसबी परंपरा रुजली. स्पर्धांमधून आलेली चेक आणि युरोपियन निंफची तंत्रं गळाला मासे लागण्याच्या बाबतीत सरस आहेत, पण ती बहुतांशी हाताच्या संवेदनेवर चालतात. म्हणून या पुस्तकात त्यांना ओझरतीच जागा आहे.

पाहून धरण्याची आजची राजधानी मात्र न्यूझीलंडचं दक्षिण बेट. तिथे ट्राउट मुळात नव्हताच. बर्फात आणि शेवाळात गुंडाळलेली अंडी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून टास्मानियाला पोहोचली, त्यांत इचेनच्या खोऱ्यातलीही होती. आणि तिथून १८६७ मध्ये ट्राउट न्यूझीलंडला गेला. रुंद खडकाळ पात्रं, काचेसारखं पाणी, मासे थोडे पण मोठे. तिथे दोघांनी मिळून जायची पद्धत आहे. एक जण उंच काठावर उभा राहून मासा बघतो आणि दुसरा पाण्यात उभा राहून त्याच्या सांगण्यावर माशी टाकतो. बोलणारा चुकला की टाकणाराही चुकतो. निंफ असो वा ड्राय, तिथे त्यावर वाद नाहीत. हॅलफर्ड-स्क्यूजचं भांडण तिथे पाण्याच्या नितळपणानेच मिटवून टाकलंय.

भारतातला ट्राउटही असाच बाहेरून आलेला. काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप वाया गेली. १९०० मधली जगली आणि हारवनला तिची पैदास झाली. कुलूच्या खोऱ्यात १९०९ च्या सुमारास आणि निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंद्रधनुषी ट्राउटच्या रूपात, असे त्याचे पाय पसरत गेले. आज लिद्दर, ब्रिंगी, तीर्थन या नद्यांवर परवाना काढून, नेमून दिलेल्या पट्ट्यात मासे धरता येतात. पण बर्फ वितळण्याच्या दिवसांत या नद्या राखाडी होतात आणि पावसाळ्यात गढूळ. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते. मासा पाहून धरायचा तर मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचे आठवडे हाताशी राहतात. म्हणून इथल्या नद्यांसाठी हंगाम, पाण्याचा रंग आणि उन्हाची दिशा यांचा हिशेब स्वतंत्रपणेच मांडायला हवा.

ट्राउटच्या या प्रवासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यूझीलंडमधले गॅलॅक्सिड कुळातले छोटे देशी मासे ट्राउटमुळे कित्येक ओढ्यांतून नाहीसे झाले. हिमालयातल्या मूळच्या ‘स्नो ट्राउट’लाही (तो खरं तर कार्पच्या कुळातला) या पाहुण्याची स्पर्धा सोसावी लागते. खेळासाठी आणलेल्या माशाचं रक्षण करताना मूळच्या माशांचं काय, हा प्रश्न मासेमारीच्या इंग्रजी पुस्तकांनी बराच काळ टाळला. या पुस्तकाने तो टाळलेला नाही.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तरही पाण्यातच आहे. ज्या नद्यांवर हा खेळ घडला त्यांचंच पाणी आता बिघडतंय. इंग्लंडच्या खडूच्या नद्यांतून शहरांसाठी इतकं पाणी उपसलं जातं की काहींची वरची पात्रं कोरडी पडतात, आणि उरलेल्यांत सांडपाणी सोडलं जातं. फ्रान्समधल्या लू नदीत २०१० मध्ये मासे मोठ्या संख्येने मेले. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये डिडिमो हे परकं शेवाळ सापडलं. ते माणसांच्या बुटांवरून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं, म्हणून तिथे नमद्याच्या तळव्याचे बूट बंद झाले. अमेरिकेच्या माँटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस २३ अंशांच्या आसपास पोहोचलं की दुपारी दोननंतर मासेमारी थांबवली जाते, कारण अशा पाण्यात गळाला लागून सोडलेला मासाही जगेलच असं नाही.

या बदलांची पहिली चाहूल अनेकदा मासे धरणाऱ्यांनाच लागली. आधी संध्याकाळी उडणारे किडे कमी झाले, मग मासे. इंग्लंडमध्ये अनेक मासेमार आता दर महिन्याला नदीचा तळ ढवळून किडे मोजतात आणि आकडे खाली आले की पर्यावरण खात्याला कळवतात. खाणं पाहण्यासाठी शिकलेली नजर नदीच्या आरोग्याची नोंद ठेवू लागली, हे मला या खेळाच्या इतिहासातलं हॅलफर्ड आणि स्क्यूजइतकंच महत्त्वाचं वळण वाटतं.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं नाही. महाडजवळच्या वाळणकोंडात देवीचे म्हणून राखलेले महसीर काठावरून बघायला लोक आजही जातात. लोणावळ्याला टाटा पॉवरने गेली पाच दशकं महसीरची पैदास चालवली आहे. वाहत्या पाण्यात थांबलेला मासा ओळखणं, त्याची जागा आणि त्याचं खाणं ताडणं ही विद्या ट्राउटपुरती नाही. पाणी नितळ असेल तर सह्याद्रीच्या ओढ्यावर, काठी न उचलताही तिचा सराव करता येतो.

या पुस्तकाचा पसारा या अनुषंगानेच आखलेला आहे. ते काठ्या आणि रिळांच्या किमती सांगत नाही, कुठे जाऊन किती मोठा मासा धरावा हेही सांगत नाही. पाणी, किडा, मासा आणि माणसाचा डोळा या चौघांचा संबंध ते उलगडतं. तंत्र शिकवताना त्यामागचं कारणही देतं. धरलेला मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्याबाहेर न काढता सोडणं आणि गळाचा काटा आधीच दाबून टाकणं या गोष्टी त्यात उपदेश म्हणून येत नाहीत, पद्धतीचा भाग म्हणून येतात. ड्राय की निंफ या जुन्या वादात ते कोणाचीही बाजू घेत नाही. मात्र हॅलफर्ड, स्क्यूज आणि सॉयर या तिघांनाही मान्य असलेल्या नियमावर ते ठाम आहे, की न दिसलेल्या माशाला गळ टाकू नये. हा नियम पाळायचा तर नदी आरपार दिसेल इतकी स्वच्छ असावी लागते. म्हणून मासेमारीच्या या पुस्तकातला बराच मोठा भाग पाण्याच्या राखणीवर खर्च झाला आहे, आणि तो वगळून उरलेलं वाचणाऱ्याच्या हाती अर्धंच पुस्तक लागेल.